इशाऱ्याचा आवाज आणि ऐकणारा कान

(संस्थेच्या वार्षिक विज्ञान मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही मोठा शास्त्रज्ञ नव्हे. गेली पंचवीस वर्षे एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा एक साधा शिक्षक आहे. मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही, म्हणून मी आज एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे बझर. तुमच्या घरातल्या मिक्सरच्या झाकणाहूनही ती लहान असते आणि दोन कटिंग चहाच्या पैशांत मिळते. तिच्यातून वेगवेगळे इशारे कसे काढावेत, आणि ते काढताना कोणती गोष्ट विसरू नये, एवढेच मला सांगायचे आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या आवाजापासून करू. शाळेच्या व्हरांड्यात पितळी तास टांगलेला असतो. शिपाईमामा त्यावर एक टोला देतात, तेव्हा पहिला तास संपला हे तुम्हाला कळते. तेच मामा त्याच हातोड्याने घणघण घणघण असा न थांबता तास वाजवतात, तेव्हा शाळा सुटली हे कळायला तुम्हाला कोणी सांगावे लागत नाही. दप्तरे भरायला तर तुम्ही पाच मिनिटे आधीच सुरुवात केलेली असते! तास तोच, पितळ तेच, हात तोच. फरक फक्त वाजवण्याच्या तऱ्हेत आहे.

दुसरे उदाहरण माझ्या आईने सांगितलेले आहे. डिसेंबर १९७१ मध्ये भारत-पाकिस्तान युद्ध झाले, तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन मुंबईत आली होती. रात्री काळोख पाळावा लागे. भोंगा खाली-वर, खाली-वर असा रडल्यासारखा वाजला की धोका आहे असे समजायचे, आणि एकाच सुरात लांबवर वाजत राहिला की धोका टळला. यंत्र एकच असे, पण एका आवाजाने माणसे जिन्याखाली जात आणि दुसऱ्याने बाहेर येत. इशाऱ्याचे शास्त्र या दोन उदाहरणांत जवळजवळ सगळे आले. इशारा नुसता मोठा असून भागत नाही. तो काय सांगतो हे कळले पाहिजे, आणि ज्याच्यासाठी आहे त्याला तो ऐकू आला पाहिजे.

हे दुसरे वाक्य मी फार उशिरा शिकलो. कसे शिकलो ते आपल्याला सांगतो.

माझी अम्मी आता शहात्तर वर्षांची आहे. एके दिवशी दुपारी तिने गॅसवर डाळ ठेवली आणि ती आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. मी कामावर, मुलगी शाळेत. डाळ करपली, पातेले जळाले, स्वयंपाकघर धुराने भरले. धूर लागताच वाजणारे यंत्र मी स्वतःच्या हाताने छताला बसवले होते, आणि ते ठणाणा वाजतही होते. शेजारच्या वहिनींना भिंतीपलीकडून ऐकू आले. त्या धावत आल्या, त्यांनी दार ठोठावले, शेवटी दुसऱ्या किल्लीने उघडले आणि गॅस बंद केला. अम्मी दहा पावलांवर झोपलेली होती. तिला काहीच ऐकू आले नव्हते.

अल्लाच्या कृपेने कोणाला इजा झाली नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. यंत्र बिघडलेले नव्हते. पंचवीस वर्षे आवाजाचे गणित फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाने एक साधा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता, की हा आवाज माझ्या आईच्या कानाला पोहोचतो का? चूक माझी होती.

आता थोडे शास्त्र पाहू. वेग, लय आणि सूर हे शब्द लक्षात ठेवा, म्हणजे पुढचे सोपे जाईल.

आवाज म्हणजे हवेचे कंपन. एका सेकंदात किती कंपने होतात तो आकडा हर्ट्झमध्ये सांगतात. आकडा लहान तर सूर खालचा, आकडा मोठा तर सूर वरचा. आकडा दुप्पट झाला की सूर एका सप्तकाने चढतो. पेटीवरचा एक सा आणि त्याच्या वरच्या सप्तकातला सा यांत हेच दुपटीचे नाते असते.

बझरमध्ये बहुधा एक पातळ पितळी चकती असते आणि तिच्यावर एका खास पदार्थाचा थर असतो. या पदार्थाला विजेचा दाब दिला की तो किंचित वाकतो, दाब काढला की सरळ होतो. दाबाने वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकांचा हा गुण पिएर आणि झाक क्युरी या दोन भावांनी १८८० साली दाखवून दिला. वीज दिली तर स्फटिकाचा आकार बदलतो ही उलट बाजू त्याच्या पाठोपाठ सिद्ध झाली. चकती सेकंदाला हजार वेळा वाकली आणि सरळ झाली की हजार हर्ट्झचा सूर निघतो.

बाजारात बझर दोन तऱ्हेचे मिळतात आणि दुकानात इथेच विद्यार्थी फसतात. एकाच्या पोटात कंपने करणारे सर्किट आधीच बसवलेले असते. त्याला नुसती बॅटरी लावली की तो त्याच्या एकाच सुरात ओरडतो. याला ॲक्टिव्ह बझर म्हणतात. दुसऱ्याच्या पोटात असे काही नसते. त्याला बॅटरी लावली तर फक्त एकदा ‘टिक’ होते आणि तो गप्प बसतो. हा पॅसिव्ह बझर. ज्याला वेगवेगळे सूर काढायचे आहेत त्याने हा दुसरा घ्यावा, कारण त्याला जितक्या वेगाने हलवाल तितक्या वेगाने तो हलतो. घरी आणल्यावर बॅटरी लावून पाहा. ओरडला तर पहिला, टिक करून थांबला तर दुसरा.

मग त्याला सेकंदाला हजार वेळा हलवणार कोण? ते काम मायक्रोकंट्रोलरचे. हा एका चिपमध्ये मावणारा छोटा संगणक आहे. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. आपण लिहून दिलेली कामांची यादी तो न कंटाळता पुन्हा पुन्हा करत राहतो. शाळांमध्ये ज्याचा बराच वापर होतो तो आर्डुइनो हा बोर्ड २००५ साली इटलीतील इव्रेया या गावी, विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून तयार झाला. त्याच्या ‘उनो’ या बोर्डावरची चिप सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांवर चालते. सेकंदाला हजार वेळा एक पिन चालू-बंद करणे हे तिच्या दृष्टीने अगदी निवांत काम आहे.

यंत्राने आपोआप आवाज करावा ही कल्पना मात्र आजची नाही. अल-जझरी या कारागिराने आपला यंत्रविद्येवरचा अरबी ग्रंथ १२०६ साली पूर्ण केला. त्यात हत्तीच्या आकाराचे एक पाणघड्याळ आहे. हत्तीच्या पोटातल्या पाण्यात एक छिद्र असलेले भांडे हळूहळू बुडते, आणि दर अर्ध्या तासाला त्याच्या बुडण्याने सगळी यंत्रणा हलून आवाज होतो. तिथे वेळ मोजणारे भांडे होते, इथे चिप आहे. विचार तोच आहे.

आता गणित करू. हजार हर्ट्झचा सूर हवा. एका सेकंदात १० लाख मायक्रोसेकंद असतात, म्हणून एका कंपनाला हजार मायक्रोसेकंद मिळतात. त्यांपैकी ५०० मायक्रोसेकंद पिन चालू ठेवा, ५०० बंद ठेवा आणि हेच चालू द्या. ५२० हर्ट्झ हवे असतील तर १० लाखाला ५२० ने भागा. सुमारे १९२३ येतात. त्याचे निम्मे ९६१. झाले! आर्डुइनोमध्ये हा भागाकार करणारी ‘टोन’ नावाची तयार आज्ञा आहे. तिला पिनचा क्रमांक आणि हर्ट्झचा आकडा सांगितला की पुरे. ‘नोटोन’ म्हटले की आवाज थांबतो. तरीही पहिल्यांदा भागाकार कागदावर करा असा माझा आग्रह आहे. तयार आज्ञा वापरणारा हात आणि ती समजणारा हात यांत फरक पडतो.

आवाज बदलण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत.

पहिला मार्ग सुराचा. अर्धा सेकंद ६०० हर्ट्झ, अर्धा सेकंद ८०० हर्ट्झ असे आलटून पालटून वाजवा. दोन सुरांचा इशारा तयार झाला.

दुसरा मार्ग लयीचा. सूर एकच ठेवा आणि मधली शांतता बदला. अर्धा सेकंद आवाज, अर्धा सेकंद शांतता, असे तीनदा करून शेवटच्या आवाजानंतर दीड सेकंद शांत राहा आणि पुन्हा सुरू करा. हा ठेका म्हणजे ‘इमारत रिकामी करा’ असा आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेला इशारा आहे. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूसाठी अमेरिकेत वेगळा ठेका वापरतात, चार तुटक टोले आणि मग सुमारे पाच सेकंद शांतता. रुग्णालयातील यंत्रांसाठीही मानक आहे. अत्यंत तातडीच्या इशाऱ्यात आधी तीन आणि मग दोन असे टोले येतात आणि तो गट लगेच पुन्हा येतो. मध्यम तातडीला फक्त तीन टोले. परिचारिकेने मान वळवण्याआधीच धावायचे की चालत जायचे हे तिला कळावे, असा त्यामागचा हेतू आहे.

तिसरा मार्ग चढ-उताराचा, म्हणजे भोंग्याचा. ५०० हर्ट्झपासून सुरू करा, दर १० मिलिसेकंदांनी १० हर्ट्झ वाढवा. शंभर पायऱ्यांत, म्हणजे एका सेकंदात, तुम्ही १५०० वर पोहोचता. मग तसेच खाली या. पण ऐकून पाहा. आवाज आधी पळत चढतो आणि वर जाऊन रेंगाळतो असे वाटेल. कारण ५०० ते १००० हे पूर्ण सप्तक झाले, पण १००० ते १५०० म्हणजे सा पासून फक्त पंचमापर्यंत. कान बेरीज मोजत नाही, गुणाकार मोजतो. म्हणून १० मिळवण्याऐवजी प्रत्येक पायरीला १ टक्का वाढवा. सुमारे ११० पायऱ्यांत तुम्ही तिथेच पोहोचाल आणि चढ एकसारखा वाटेल. गणिताच्या पुस्तकातला चक्रवाढीचा धडा कशासाठी आहे, असे विचारणाऱ्या मुलांना हे उत्तर द्यायला हरकत नाही.

जोडणीबद्दल दोन सूचना. पिएझो चकतीला फार थोडा प्रवाह लागतो. शंभर ओहमचा एक रेझिस्टर मध्ये घालून ती पिनला जोडता येते. पण तारेचे वेटोळे असलेला बझर किंवा स्पीकर थेट पिनला कधीही लावू नका. १६ ओहमच्या वेटोळ्यावर ५ व्होल्ट दिले तर प्रवाह ३०० मिलिअँपियरवर जाईल, आणि पिनकडून सतत २० च्या वर घेणे बरे नाही. तिथे मध्ये ट्रान्झिस्टर ठेवावा. वेटोळ्यावर उलटा डायोड लावावा, नाहीतर बंद होताना ते जो विजेचा झटका देते त्याने ट्रान्झिस्टर मरतो.

प्रोग्रॅमबद्दल एकच सांगतो. नवशिके ‘डिले’ ही आज्ञा वापरतात. तिचा अर्थ ‘इतका वेळ काही करू नकोस’ असा. तेवढ्या वेळात कोणी ‘बंद करा’चे बटण दाबले तरी चिपला पत्ता नसतो. तुमच्या घरात अम्मी एका शेगडीवर दूध तापवते आणि दुसरीवर भाकरी भाजते. ती दुधाकडे टक लावून उभी राहत नाही. भाकरी उलटते, दुधाकडे नजर टाकते, पुन्हा भाकरीकडे येते. चिपलाही तसेच शिकवावे. ‘मिलिस’ हे तिचे घड्याळ आहे. ‘आताची वेळ वजा मागची वेळ अर्ध्या सेकंदाहून जास्त झाली का?’ असे दर फेरीत विचारावे. झाली असेल तर सूर बदलावा, नसेल तर बटणे पाहावीत. हे घड्याळ सुमारे पन्नास दिवसांनी शून्यावर येते, पण वजाबाकी याच पद्धतीने केली तर त्याने काही बिघडत नाही.

आता पुन्हा आमच्या घराकडे वळतो.

माझी मुलगी नववीत शिकते. त्या प्रसंगानंतर मी अम्मीसाठी आणखी मोठ्या आवाजाचे यंत्र आणायला निघालो होतो. मुलगी म्हणाली, “अब्बा, आधी दादीला विचारू या ना, तिला काय ऐकू येतं ते.” मी थांबलो. एवढी साधी गोष्ट!

तिने मायक्रोकंट्रोलरला लहान ॲम्प्लिफायर आणि स्पीकर जोडला. बझर तिने मुद्दाम टाळला. पिएझो बझर साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या दरम्यान जोरात वाजतो आणि खालच्या सुरात त्याचा आवाज पडतो. विकतच्या धूरयंत्रांचा सूर बहुधा ३००० च्या आसपास असतो, त्याचे कारण हेच. तरुण कान त्याच भागात सर्वांत तीक्ष्ण असतो हेही खरे. पण वय वाढले की ऐकण्याची शक्ती आधी वरच्या सुरांतच कमी होते. म्हणजे ज्या सुरात यंत्र सर्वांत जोरात ओरडते, तिथेच म्हाताऱ्या माणसाचा कान अधू झालेला असतो.

मुलीने दार लोटून घेतले आणि एकेक सूर वाजवू लागली. ऐकू आले की अम्मीने हात वर करायचा. ३००० ला हात खालीच. २००० ला खालीच. १००० ला अम्मी म्हणाली, “मांजराचं पिल्लू ओरडतंय की काय?” ५२० ला चटकन हात वर आला. हा ५२० चा आकडा तिने अंदाजाने घेतलेला नव्हता. झोपलेल्या माणसांवर केलेल्या प्रयोगांत वरच्या सुरापेक्षा ५२० हर्ट्झची चौकोनी लहर अधिक लोकांना जागे करते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांना आढळले आहे. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संहितेत २०१० च्या आवृत्तीपासून झोपण्याच्या खोल्यांसाठी या खालच्या सुराची तरतूद आली. चौकोनी लहर म्हणजे पिन नुसती चालू-बंद केल्याने मिळते तीच. तिच्यात ५२० बरोबर त्याच्या तिप्पट १५६० आणि पाचपट २६०० असे सूरही मिसळलेले असतात. ज्याच्या कानाला जो सापडेल तो त्याने घ्यावा, असा हा उदार आवाज आहे.

शेवटी मुलीने हौसेने भोंगा वाजवून दाखवला. अम्मीचा चेहरा उतरला. “हा तर एकाहत्तरचा भोंगा. हा नको गं, छातीत धडधडतं.” मुलीने मुकाट्याने तो भाग प्रोग्रॅममधून काढून टाकला. मी काढायला सांगितले नव्हते.

छतावरचे विकतचे यंत्र आम्ही उघडले नाही, तसेच ठेवले. तिने स्वयंपाकघरात एक लहान ध्वनिसंवेदक बसवला. ते यंत्र वाजले की अम्मीच्या उशाशी ५२० हर्ट्झचा आवाज सुरू व्हावा अशी योजना. पहिल्याच दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि सारे घर उठले! मग तिने विचार केला. कुकरची शिट्टी लांब असते, तिला ठेका नसतो. आमच्या धूरयंत्राचा ठेका तीन टोल्यांचा आहे. म्हणून अर्ध्या सेकंदाचे तीन टोले बरोबर अंतराने ऐकू आले तरच वाजायचे, असे तिने लिहिले. पुढच्या आठवड्यात कुकरने आम्हाला एकदाही उठवले नाही. दारावरची घंटाही तिने त्याच पेटीत घेतली, दोन सुरांची, म्हणजे पाहुणा आणि धूर यांत गोंधळ नको.

यानंतर आम्ही अम्मीचे कान तज्ज्ञांकडून तपासून घेतले. तिला आता श्रवणयंत्र आहे. पण ते रात्री काढून ठेवावे लागते, म्हणून पेटी उशाशी आहेच. एक गोष्ट स्पष्ट सांगतो. घरी केलेले यंत्र हे प्रमाणित धूरयंत्राच्या जागी लावायचे नसते, त्याच्या मदतीला लावायचे असते. गॅसच्या बाबतीत तर घरगुती प्रयोगावर जीव सोपवू नये. आणि महिन्यातून एकदा बटण दाबून यंत्र वाजते का, व ज्याच्यासाठी आहे त्याला ऐकू येते का, हे दोन्ही पाहावे.

पालकांना माझी एक विनंती आहे. विज्ञान प्रदर्शन आले की दुकानांत तयार प्रकल्प मिळतात. पैसे दिले की दिवा लागतो, भोंगा वाजतो, तक्ताही छापून मिळतो. मुलाला बक्षीसही मिळते. पण परीक्षकांनी “हाच सूर का घेतलास?” असे विचारले की मूल दुकानदाराला आठवते. कृपा करून हे करू नका. मुलाला चार तारा, एक बझर आणि घरातली एक खरी अडचण द्या. टाकी भरून वाहते, आजोबांना दारावरची घंटा ऐकू येत नाही, फ्रिजचे दार उघडे राहते, अशा अडचणी प्रत्येक घरात आहेत. दोन चिपा जळतील, जळू द्या. आणि मुलींच्या हातातला सोल्डरिंगचा लोखंडी दांडा काढून घेऊ नका. आमच्या घरात पंचवीस वर्षांचा अनुभव माझ्याकडे होता, पण योग्य प्रश्न नववीतल्या मुलीने विचारला.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला घरचा अभ्यास देऊन मी थांबतो. आज घरी गेल्यावर तुमच्या घरातील सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. घरात वाजणारे जे जे काही आहे, मोबाइल, दारावरची घंटा, कुकर, ते एकेक वाजवा आणि त्यांना काय ऐकू येते ते वहीत लिहा. तंत्र नंतर शिकता येईल. ही वही आधी भरा. ती भरून झाली की तुम्हाला काय बनवायचे आहे हे कोणाला विचारावे लागणार नाही.